कृत्रिम खुबा आणि प्रयोगशाळेतील कसोटी

अहिल्यानगर शहरालगत वाहननगर येथे संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. सैन्यासाठी तयार होणारे वाहन सीमेवर धाडण्यापूर्वी ते या संस्थेच्या चाचणीमार्गांवरून धावते. खाचखळगे, चढ-उतार आणि चिखलपाणी यांतून त्यास पुन:पुन्हा नेले जाते. रस्त्यावरील अनेक वर्षांची झीज थोड्या काळात घडवून आणावी आणि जे मोडावयाचे ते येथेच मोडू द्यावे, हा त्यामागील हेतू होय. जिल्ह्यातील पुष्कळांना ही गोष्ट ठाऊक आहे. तथापि माणसाच्या देहात बसविल्या जाणाऱ्या कृत्रिम सांध्यालाही याच स्वरूपाच्या परीक्षेतून जावे लागते, याची कल्पना फार थोड्यांना असते. वाहनाचा भाग निकामी झाल्यास तो बदलता येतो. खुब्यातील सांधा सैल झाल्यास मात्र दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. ती पहिलीपेक्षा अवघड व खर्चाची असते, आणि दर वेळी थोडे हाड कमीच उरलेले असते.

खुब्याचा सांधा हा उखळी सांधा आहे. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा गोळा कमरेच्या हाडातील वाटीत बसतो आणि सर्व दिशांना फिरतो. वृद्धापकाळी न्हाणीत पाय घसरून पडण्याचे निमित्त होते आणि या गोळ्याखालची मान मोडते. घरोघरी ‘खुबा मोडला’ असे जे म्हटले जाते ते हेच. काहींच्या गोळ्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन तो ढासळतो, काहींचा सांधा संधिवाताने झिजतो. आपल्याकडे ऐन उमेदीतल्या स्त्रीपुरुषांनाही या व्याधी गाठतात. अशा रुग्णांचा गोळा, व बहुधा वाटीही, काढून त्या जागी धातू, प्लॅस्टिक अथवा चिनी मातीच्या जातीच्या कठीण द्रव्याचा सांधा बसविला जातो. मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा रोवतात, त्यावर गोळा चढवितात आणि कमरेच्या हाडात नवी वाटी बसवितात. एके काळी या शस्त्रक्रियेसाठी मुंबई-पुण्याची वाट धरावी लागे. पुढे लोणी येथील प्रवरा ग्रामीण रुग्णालय आणि १९८४ साली तेथे सुरू झालेले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय यांसारख्या संस्थांमुळे अस्थिरोगाचे उपचार जिल्ह्यातच मिळू लागले.

चार्नली यांचा धडा

कृत्रिम खुब्याच्या इतिहासात प्रयोगशाळेचे महत्त्व ज्या प्रसंगाने सिद्ध झाले तो इंग्लंडमधील आहे. राइटिंग्टन येथील रुग्णालयात जॉन चार्नली हे शल्यचिकित्सक १९५० च्या दशकाच्या अखेरीस टेफ्लॉनची वाटी वापरीत असत. टेफ्लॉन निसरडे असल्यामुळे घर्षण अत्यल्प होईल, असा त्यांचा तर्क होता. घर्षण अत्यल्प झालेही. परंतु निसरडे असणे आणि टिकाऊ असणे या दोन भिन्न गोष्टी होत. सुमारे तीनशे रुग्णांत अशा वाट्या बसविल्यानंतर थोड्याच वर्षांत त्या झिजल्या, झिजेच्या कणांमुळे सभोवतालच्या ऊतींत दाह झाला आणि सांधे सैल पडले. त्या सर्व शस्त्रक्रिया निस्तरण्याची पाळी स्वतः चार्नली यांच्यावरच आली.

१९६२ साली एका विक्रेत्याने उच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलिनचा एक तुकडा त्यांच्या कार्यशाळेत आणून दिला. चार्नली यांनी तो नखाने कोरून पाहिला आणि तो निरुपयोगी ठरविला. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र तो झीज मोजण्याच्या यंत्रावर चढविला आणि यंत्र चालू ठेवले. तीन आठवडे रात्रंदिवस यंत्र चालल्यानंतरही त्या तुकड्याची झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेइतकीदेखील झाली नव्हती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्या द्रव्याची वाटी प्रथम रुग्णात बसविण्यात आली. हेच द्रव्य सुधारून आजही जगभर वापरले जाते. अनुभवी शल्यचिकित्सकाच्या नखापेक्षा मुक्या यंत्राचा कौल खरा ठरला, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. त्याचबरोबर हेही ध्यानात ठेवले पाहिजे, की टेफ्लॉनची हीच चाचणी आधी झाली असती तर तीनशे रुग्णांची यातना टळली असती.

भार किती पडतो?

सांध्याची परीक्षा घ्यावयाची तर त्यावर प्रत्यक्षात भार किती पडतो हे प्रथम कळले पाहिजे. दोन पायांवर शांत उभे राहिले असता प्रत्येक खुब्यावर येणारा भार चालतानाच्या मानाने पुष्कळ कमी असतो. चालताना मात्र एक पाय उचलला, की शरीर एका बाजूस कलू नये म्हणून नितंबाचे स्नायू जोराने ओढू लागतात, आणि त्या ओढीचा भार सांध्यावरच पडतो. बर्लिन येथील गेओर्ग बेर्गमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम सांध्यातच मोजणीची सूक्ष्म उपकरणे बसवून हा भार प्रत्यक्ष रुग्णांत मोजला. सावकाश चालताना तो शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भरला. ६० किलो वजनाच्या माणसाच्या बाबतीत हा भार सुमारे १५० किलो होतो. जिना चढताना भार याच पातळीचा असतो, पण त्याच्या जोडीला दांड्याला पिळवटणारा जोरही येतो. ठेच लागून माणूस पडता पडता सावरतो तेव्हा तर तो आठपटीहून अधिक मोजला गेला आहे.

शिवाय हा भार एकदा पडून थांबत नाही. कृत्रिम सांधा बसविलेला माणूस एका पायाने वर्षाकाठी सरासरी सुमारे दहा लाख पावले टाकतो. लोखंडी तार एकदा वाकविल्याने तुटत नाही, पण त्याच जागी पुन:पुन्हा वाकविली तर तुटते. यास धातूची थकावट म्हणतात, आणि दांडा मोडतो तो बहुधा याच कारणाने.

यंत्रावरील दांडा

या थकावटीची परीक्षा आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या आयएसओ ७२०६ या मानकमालेनुसार घेतात. दांड्याचे खालचे टोक सिमेंटसारख्या द्रव्यात पक्के रोवतात आणि वरचा भाग, गोळ्याच्या मध्यापासून सुमारे ८० मिलिमीटरपर्यंत, जाणूनबुजून उघडा ठेवतात. असे करण्यास कारण आहे. देहात सांधा सैल होऊ लागला म्हणजे पुष्कळदा वरच्या बाजूच्या हाडाचा आधार प्रथम सुटतो, खालचे टोक तेवढे घट्ट राहते आणि दांडा मधोमध वाकू लागतो. प्रयोगशाळेत ही वाईटात वाईट अवस्था आरंभापासूनच गृहीत धरली जाते. त्यानंतर दांडा किंचित तिरपा ठेवून त्याच्या गोळ्यावर २,३०० न्यूटनपर्यंतचा, म्हणजे सुमारे २३५ किलो वजनाएवढा, भार पन्नास लाख वेळा देतात. यंत्र सेकंदास दहा आवर्तने करीत असेल तर या परीक्षेस जवळजवळ सहा दिवस लागतात. दांड्याच्या मानेची परीक्षा याहून कठोर आहे. तीत ५,३४० न्यूटनचा भार एक कोटी वेळा दिला जातो. एवढ्यातून तडा न जाता जो दांडा बाहेर पडेल तोच उत्तीर्ण होतो.

झिजेची परीक्षा निराळी असते, आणि तीत घाई करता येत नाही. गोळा व वाटी एकत्र बसवून, वासराच्या रक्तातील पातळ केलेल्या द्रवात ३७ अंश सेल्सियसला बुडवून, चालण्याच्या चालीने सेकंदास एक या गतीने हलविली जातात. चालीतील भाराचा कमाल आकडा ३,००० न्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलो असतो. पन्नास लाख आवर्तने म्हणजे सुमारे अठ्ठावन्न दिवस. मध्ये वेळोवेळी यंत्र थांबवून वाटी धुतात, सुकवितात आणि तिचे वजन करतात. घटलेले वजन हीच झीज होय. साधे पाणी न घेता रक्तातील द्रव का घ्यावा, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. पाण्यात घर्षणाचे वर्तनच वेगळे असते. प्रथिनांचा पातळ थर नसल्यामुळे यंत्रावर होणारी झीज देहातील झिजेशी जुळत नाही.

स्थिरता म्हणजे काय?

दांडा न मोडणे आणि वाटी न झिजणे एवढ्याने सांधा टिकत नाही. तो हाडात घट्ट बसला पाहिजे. ही स्थिरता दोन टप्प्यांची असते. शस्त्रक्रियेनंतर लगेच जी पकड असते ती प्राथमिक स्थिरता होय. खुंटी भिंतीत ठोकून बसवावी तसा दांडा हाडात दाटून बसविलेला असतो. पुढील काही महिन्यांत हाडाच्या पेशी दांड्याच्या खडबडीत पृष्ठभागावर व त्याच्या छिद्रांत वाढतात आणि हाड व धातू एकजीव होतात. ही दुय्यम स्थिरता. कलम केलेल्या फांदीचे बांधणे पक्के असेल तरच कलम धरते, हे बागायतदारास सांगावयास नको. येथेही पहिली पकड ढिली असेल तर दुसरी येतच नाही.

किती हालचाल चालेल, याचे उत्तर मायक्रॉनमध्ये आहे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कॅनडातील रॉबर्ट पिलियार व सहकाऱ्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखविले, की हाड व धातू यांच्यामधील हालचाल २८ मायक्रॉनपर्यंत असेल तर हाड धातूत वाढते. १५० मायक्रॉन वा त्याहून अधिक असेल तर हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होतात. दांड्याभोवती जणू फडकेच गुंडाळले जाते आणि तो कायमचा डुलत राहतो. माणसाच्या डोक्याचा केस साधारणतः ७० मायक्रॉन जाड असतो, हे ध्यानी घेतले म्हणजे ही मर्यादा किती बारीक आहे हे समजते. दोन केसांच्या जाडीएवढी हालचाल रुग्णास जाणवतही नाही, पण सांध्याचे भवितव्य तीच ठरविते.

ही हालचाल मोजण्याची प्रयोगशाळेतील रीत अशी आहे. मांडीचे हाड घेऊन त्यात शस्त्रक्रियेतल्याप्रमाणेच दांडा ठोकून बसवितात. हाड यंत्रात उभे करून त्यावर चालण्याचा भार व जिना चढण्याचा पीळ आवर्तनांनी देतात. दांड्याला व हाडाला जोडलेले विद्युत संवेदक त्यांच्यामधील हालचाल मायक्रॉनमध्ये टिपतात. प्रत्येक आवर्तनात दांडा हलून पुन्हा जागेवर येतो ती हालचाल वेगळी नोंदवितात, आणि हळूहळू खाली सरकून तो जागेवर परतत नाही ते रुतणेही वेगळे नोंदवितात. दान केलेल्या देहांतील हाडे सर्वांत खरी असली तरी कोणतीही दोन सारखी नसतात. त्यामुळे एका नमुन्याची दुसऱ्याशी तुलना करण्यासाठी काचतंतू व राळ यांपासून बनविलेली कृत्रिम हाडे वापरली जातात. ती सर्व एका साच्याची, एका ताकदीची असतात. सोय मोठी आहे, पण तिची मर्यादाही तेवढीच मोठी आहे. असे हाड साधारणतः सुदृढ प्रौढाच्या हाडाप्रमाणे वागते. न्हाणीत पडून खुबा मोडलेल्या सत्तरीच्या स्त्रीचे हाड ठिसूळ व आतून पोकळ झालेले असते. त्यात तोच दांडा तेवढाच घट्ट बसेल असे कोणतीही प्रयोगशाळा छातीठोकपणे सांगणार नाही. अशा रुग्णांत अनेकदा अस्थिसिमेंट वापरले जाते, ते याच कारणाने.

रुतणे नेहमीच घातक असते असेही नाही. इंग्लंडमधील एक्सेटर येथे १९७० साली प्रचारात आलेला गुळगुळीत निमुळता दांडा सिमेंटच्या आवरणात एखाद-दुसरा मिलिमीटर खाली सरकतो आणि पाचरीसारखा अधिकच घट्ट बसतो. मात्र हाडाशी चिकटून राहण्यासाठी घडविलेला दांडा सरकू लागला तर ते अशुभ लक्षण होय. स्वीडनमधील लुंड येथे योरान सेल्विक यांनी १९७० च्या दशकात एक पद्धत विकसित केली. तीत हाडात टँटलम धातूचे बारीक मणी ठेवतात आणि एकाच वेळी दोन दिशांनी घेतलेल्या क्ष-किरण चित्रांवरून दांड्याचे सरकणे मिलिमीटरच्या दशांशापर्यंत मोजतात. दोन वर्षांत सव्वा मिलिमीटरच्या आसपास सरकलेल्या सिमेंटच्या दांड्यांपैकी निम्म्यांना पुढे दुसरी शस्त्रक्रिया लागण्याचा संभव असतो, असे त्याच देशातील १९९४ च्या एका अभ्यासात आढळले. प्रयोगशाळेतील कसोटी आणि पंधरा-वीस वर्षांचा अनुभव यांमध्ये उभारलेला हा पूल म्हणता येईल.

उत्तीर्ण होऊनही नापास

प्रयोगशाळेची कसोटी कितीही कठोर असली तरी जो प्रश्न तिला विचारलाच गेला नाही त्याचे उत्तर ती देत नाही. डेप्यू कंपनीच्या एएसआर नावाच्या खुब्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यात गोळा व वाटी दोन्ही धातूंचीच होती. यंत्रावर वाटी ठरीव कोनात बसवून चाचणी केली असता झीज अल्प दिसे. परंतु वाटी उथळ होती. शस्त्रक्रियेत ती थोडी अधिक उभी बसली, की गोळ्याचा भार वाटीच्या कडेवर येई आणि कोबाल्ट व क्रोमियमचे कण रक्तात व ऊतींत मिसळत. इंग्लंड व वेल्सच्या सांधे-नोंदवहीत पाच वर्षांत दर शंभरांपैकी बारा-तेरा रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागल्याचे दिसून आले आणि ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने हा सांधा जगभरातून परत घेतला. जगात सुमारे ९३,००० आणि भारतात सुमारे ४,७०० रोपणे झाली होती, असे त्या वेळी सांगण्यात आले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ साली या प्रकरणी मुंबईत पोलिसांकडे फिर्याद दाखल केली. केंद्र शासनाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीच्या शिफारशींनंतर २०१८ मध्ये नुकसानभरपाईचे सूत्र ठरले. भारतातील अनेक रुग्णांचा ठावठिकाणाच लागेना, ही या प्रकरणातील विशेष खेदाची बाब होय. कोणाला कोणता सांधा बसविला, याची नोंदच अनेक ठिकाणी सापडत नव्हती. पुढे वाटीच्या कडेवर भार येईल अशा प्रतिकूल स्थितीतील झिजेची परीक्षाही मानकांत समाविष्ट झाली.

मांडी घालून बसणाऱ्यांचे काय?

असाच आणखी एक न विचारलेला प्रश्न आपल्या जिल्ह्याच्या अधिक जवळचा आहे. वर सांगितलेल्या झिजेच्या मानक परीक्षेत खुबा पुढे वाकतो तो जास्तीत जास्त २५ अंश, कारण ती परीक्षा सपाट जमिनीवर चालणाऱ्या माणसाची आहे. कांद्याची खुरपणी करणारी स्त्री दिवसभर उकिडवी बसते. पाथर्डी वा जामखेडहून ऊसतोडणीस निघालेला मजूर उसाची मोळी डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवरून वर चढतो. जेवण, पूजा आणि ग्रामसभा यांत मांडी घातली जाते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतीय व्यक्तींच्या हालचाली मोजणाऱ्या एका अभ्यासात उकिडवे बसताना खुब्याचा वाक सरासरी ९५ अंशांच्या आसपास आढळला. व्यक्तीव्यक्तींत फरकही बराच होता. एवढ्या वाकात दांड्याची मान वाटीच्या कडेला टेकते, तरफेप्रमाणे गोळा बाहेर उचलला जातो आणि सांधा निखळण्याचा धोका संभवतो.

या धोक्याचा विचार अजिबात झालेला नाही असे नव्हे. वाकणे व मागे जाणे मिळून किमान १०० अंशांची मोकळीक सांध्यात असावी, असे आयएसओ २१५३५ हे मानक सांगते. चार्नली यांचा गोळा २२ मिलिमीटर व्यासाचा होता. आता ३२ व ३६ मिलिमीटरचे गोळे सर्रास वापरले जातात. गोळा मोठा असला म्हणजे मान कडेला उशिरा टेकते आणि निखळण्यासाठी गोळ्याला अधिक अंतर बाहेर यावे लागते. तरीही खुरपणी व मोळी यांचा भार आणि कोन एकत्र धरणारी परीक्षा मानकांत रूढ झालेली नाही. ती आपल्याच देशातील प्रयोगशाळांनी घडवावी लागेल, कारण ज्यांच्या घरी खुर्चीवर बसण्याचीच रीत आहे त्यांना तिची निकड भासणार नाही. २०१४ साली मुंबईच्या आयआयटीत राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांच्या विकासाचे केंद्र स्थापन झाले, आणि पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय व नागपूरची व्हीएनआयटी त्याच्याशी जोडली गेली. अस्थिरोपणांचे आरेखन व निर्मिती हा या केंद्राच्या कामाचा एक भाग आहे. राज्यातील अशा केंद्रांनी हा प्रश्न हाती घेणे सयुक्तिक ठरेल.

तोवर रुग्णाने शल्यचिकित्सकास आपला व्यवसाय, बसण्याची सवय आणि घरातील शौचालयाचा प्रकार स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. गोळ्याचा आकार आणि वाटीचा कोन निवडताना या माहितीचा प्रत्यक्ष उपयोग होतो. घरी परतल्यावर उंच बैठकीचे शौचालय व न्हाणीत धरण्यासाठी दांडा यांची सोय झाल्यास निखळण्याचा व पुन्हा पडण्याचा धोका कमी होतो. या कामी ग्रामपंचायतीचे सदस्य व शिक्षक पुष्कळ साहाय्य करू शकतील.

कायदा व नोंद

भारतात अस्थिरोपणे व अस्थिसिमेंट ही ऑक्टोबर २००५ मध्ये औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आणली गेली. १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ अन्वये कृत्रिम खुबा मध्यम ते उच्च जोखमीच्या ‘क’ वर्गात मोडतो. त्याच्या निर्मितीस व आयातीस केंद्रीय परवाना लागतो, आणि त्यासाठी चाचण्यांचे अहवाल सादर करावे लागतात.

रोपणाच्या वेष्टनावर एक चिकटपट्टी असते. तीवर निर्मात्याचे नाव, नमुना, आकार आणि उत्पादन-गट क्रमांक छापलेला असतो. ती रुग्णाच्या कागदपत्रांत लावण्याची पद्धत आहे. घरी परतताना तिची एक प्रत रुग्णाने मागून घ्यावी आणि शिधापत्रिका ज्या जागी ठेवतात त्याच जागी जपून ठेवावी.  सांध्यात दुखणे, पाय आखूड झाल्यासारखा वाटणे अथवा चालताना कटकट असा आवाज येणे ही लक्षणे आढळल्यास क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. काहीही दुखत नसले तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीला ती करावीच, कारण सैल होणारा सांधा आरंभी मुकाच असतो. उपकरणातील दोषाची माहिती कळविण्यासाठी जुलै २०१५ पासून केंद्र शासनाचा उपकरण-दक्षता कार्यक्रम सुरू आहे. त्याचे काम गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग पाहतो. त्यासाठीचा विहित अर्ज डॉक्टर व परिचारिका यांच्याप्रमाणे स्वतः रुग्णासही भरता येतो, आणि त्यात त्या चिकटपट्टीवरील क्रमांकही विचारला जातो.